पाईलच्या स्प्रिंगमधलं बल काढताना: आधी ताळा, मग तक्ता

मागच्या पावसाळ्यात एक तक्ता तपासायला आला. खाडीतल्या जेटीसाठी एका पाईलचं (जमिनीत खोल उतरवलेल्या खांबाचं) चाचणी मॉडेल केलं होतं. जमिनीच्या पातळीवर १०० किलोन्यूटनचा आडवा लोड होता आणि तक्त्याच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘मातीचा एकूण प्रतिकार १८६ किलोन्यूटन’. मी फोन लावला. म्हटलं, अरे, लोड शंभरचा, मग मातीने एकशे शहाऐंशी आणले कुठून? पलीकडून उत्तर आलं, ‘सर, जास्तच आहे ना, म्हणजे सेफ साइड.’

सॉफ्टवेअर बरोबर होतं आणि मॉडेलही बरोबर होतं. अशा मॉडेलमध्ये पाईलभोवतीची माती स्प्रिंगांनी दाखवतात. वरच्या स्प्रिंगांनी पाईलला एका बाजूला रेटलं होतं, खालच्यांनी उलट बाजूला, आणि गड्याने उणे-अधिकची चिन्हं पुसून सगळ्यांची सरसकट बेरीज मारली होती.

अशा चुका सारख्या येतात आणि बहुतेक सगळ्या रन झाल्यानंतरच्या अर्ध्या तासात होतात. म्हणून इथे फक्त तेवढंच घेतो: पाईल-माती मॉडेलमधल्या स्प्रिंगांची बलं कशी मागायची, कशी काढायची आणि ती खरी आहेत हे कसं पडताळायचं. पी-वाय वक्र, म्हणजे पाईल किती सरकली की माती किती बल देते ते दाखवणारे वक्र, कुठून आणायचे हा वेगळा विषय आहे. ते तुमच्या हातात आहेत असं धरून चालतो.

## रन करण्याआधी कागदावर काय हवं

पातळ्या. किनाऱ्यावर काम करणाऱ्याचा पाय पहिल्यांदा इथेच घसरतो. बंदराच्या ड्रॉइंगवरच्या पातळ्या चार्ट डेटमपासून, म्हणजे सागरी नकाशांवरच्या ओहोटीजवळच्या शून्य पातळीपासून, मोजलेल्या असतात, तर खाडीवरच्या रस्त्याच्या पुलाच्या पातळ्या सरासरी समुद्रसपाटीपासून. जेटी आणि तिचा जोडरस्ता एकाच कामात असले की बोअर लॉग (खोलीनुसार मिळालेल्या मातीची नोंद) एका हिशेबात येतो आणि ड्रॉइंग दुसऱ्या. मग सगळ्या स्प्रिंगा मीटर-दोन मीटर वर किंवा खाली बसतात. रन बिनतक्रार होतो, बेरीजही जुळते, फक्त पाईल भलत्याच मातीत उभी असते. म्हणून शीटच्या पहिल्या ओळीत लिहा: शून्य पातळी कोणती, खाडीचा तळ किती, प्रवाहाने तळ खरवडला गेल्यावरची स्कावर लेव्हल किती, कातळ किती. स्कावर लेव्हलच्या वर एकही स्प्रिंग नको.

वाट्याची लांबी. प्रत्येक स्प्रिंग पाईलच्या एका ठरावीक तुकड्याची माती सांभाळते. मधल्या नोडला (स्प्रिंग पाईलला जिथे जोडते त्या बिंदूला) वरचा अर्धा आणि खालचा अर्धा तुकडा येतो, टोकाच्या नोडला एकच अर्धा. नोड नेमका दोन थरांच्या सीमेवर असेल तर अर्धा वाटा वरच्या थराच्या वक्राने आणि अर्धा खालच्या थराच्या वक्राने घ्यायचा. शीटमध्ये याचा स्वतंत्र रकाना आत्ताच करा. नंतर ‘सगळीकडे एक मीटरच आहे’ असं गृहीत धरलं की काय होतं ते मी स्वतः अनुभवलंय, पुढे सांगतो.

एकक. पी-वाय वक्रातला पी म्हणजे पाईलच्या दर मीटर लांबीवरचं बल, किलोन्यूटन/मीटर. स्प्रिंगला द्यायचं ते नुसतं बल, किलोन्यूटन. मधला गुणक म्हणजे वाट्याची लांबी. मातीच्या रिपोर्टात कधीकधी दाब दिलेला असतो, किलोन्यूटन/चौरस मीटर. तेव्हा पाईलच्या व्यासानेही गुणायचं. तिन्ही संख्या दिसायला सारख्या, म्हणून रकान्याच्या डोक्यावर एकक लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मॉडेलचा प्रकार. स्प्रिंगचं दुसरं टोक थेट पक्कं आहे, की घन एलिमेंटांच्या (छोट्या ठोकळ्यांच्या) मातीच्या मेशला, म्हणजे जाळ्याला, जोडलंय? पहिल्यात स्प्रिंगचं बल हीच आधाराची प्रतिक्रिया. दुसऱ्यात प्रतिक्रिया मेशच्या कडांवर निघते आणि स्प्रिंगचं बल एलिमेंट आउटपुटमधूनच मिळतं. दुसरा प्रकार असताना प्रतिक्रियांच्या यादीत स्प्रिंग शोधत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

## टप्पा १: एका स्प्रिंगचं मॉडेल चालवा

याला दहा मिनिटं लागतात आणि नव्वद टक्के लोक ती वाचवतात. दोन नोड, मध्ये एक स्प्रिंग. ताठरता १००० किलोन्यूटन/मीटर, एका नोडवर अधिक एक्स दिशेने १० किलोन्यूटन. सरकणं १० मिमी यायलाच हवं. आता आउटपुटमध्ये बल +१० दिसतं की −१० ते पाहा आणि कागदावर लिहून ठेवा.

यात तीन गोष्टी एकदम कळतात: एकक बरोबर आहे का, स्प्रिंग तुम्हाला हव्या त्या दिशेत काम करते का, आणि हे सॉफ्टवेअर कोणाचं कोणावरचं बल छापतं. अबॅकसमध्ये जमिनीला बांधलेल्या स्प्रिंग१ एलिमेंटचं बल पाईल अधिक दिशेला सरकली की अधिक येतं. स्टाड प्रोमध्ये स्प्रिंगचा आधार दिला तर जे छापलं जातं ती प्रतिक्रिया असते, म्हणजे आधाराने पाईलवर लावलेलं बल, त्यामुळे त्याच सरकण्याला चिन्ह उलट येतं. दोन ऑफिसांनी एकच पाईल दोन सॉफ्टवेअरमध्ये केली आणि ‘तुमचं-आमचं जुळत नाही’ म्हणून आठवडा घालवला, असं होतं ते यामुळेच.

तपासा: दोन नोडांमधली स्प्रिंग असेल तर नोडांचा क्रम उलटा करून पुन्हा चालवा. अबॅकसच्या स्प्रिंग२ मध्ये सापेक्ष सरकणं म्हणजे पहिल्या नोडचं वजा दुसऱ्याचं. क्रम बदलला की चिन्ह बदललं. पन्नास स्प्रिंगा हाताने जोडताना सातेक उलट्या लागल्या तर बेरीज कधीच जुळणार नाही आणि कारण सापडायला संध्याकाळ होईल.

## टप्पा २: आउटपुट रनच्या आधी मागा

बऱ्याच प्रोग्रॅममध्ये स्प्रिंगचं बल आपोआप लिहिलं जात नाही. नोडांचं सरकणं आणि बीमचे मोमेंट मिळतात, स्प्रिंगचं मात्र काहीच नाही, आणि ते रन संपल्यावर कळतं.

*अबॅकस.* स्प्रिंगांचा वेगळा संच करून त्याच्यासाठी एस११ आणि ई११ मागा. इथे एस११ या नावाला फसू नका. घन एलिमेंटमध्ये तो ताण असतो, स्प्रिंगमध्ये ते सरळ बल असतं, आणि ई११ म्हणजे सापेक्ष सरकणं. एस११ ला क्षेत्रफळाने गुणून ‘बल’ काढलेला रिपोर्ट माझ्या टेबलावर येऊन गेलाय.

*ओपनसीस.* झिरोलेंग्थ एलिमेंटसाठी एलिमेंट रेकॉर्डर लावा, एक बलासाठी आणि एक सरकण्यासाठी, आणि दोन्हींत वेळेचा रकाना ठेवा. शेवटी वाइप कमांड दिली नाही तर फाइल अर्धवट दिसू शकते, कारण शेवटच्या ओळी अजून डिस्कवर उतरलेल्या नसतात. पायसिंपल१ वापरत असाल तर त्यातली कमाल क्षमता बलाच्या एककात द्यायची असते, दर मीटरच्या नव्हे. मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलंय आणि तरीही हीच चूक सगळ्यात जास्त होते.

*सॅप२०००.* नोडला स्प्रिंग दिली असेल तर बल जॉइंट रिअॅक्शनच्या तक्त्यात येतं. लिंक एलिमेंट असेल तर लिंकच्या स्वतंत्र तक्त्यात. नॉनलिनिअर लिंक लिनिअर लोड केसमध्ये चालवली तर तिचा वक्र वापरलाच जात नाही, तुम्ही दिलेली एकच लिनिअर ताठरता वापरली जाते. स्क्रीनवर याचा कसलाही इशारा दिसत नाही, म्हणून केसचा प्रकार डोळ्यांनी पाहून खात्री करा.

थांबा: बल आणि सापेक्ष सरकणं, दोन्ही मागितलीत का? नुसतं बल घेतलं तर टप्पा ६ करता येणार नाही.

## टप्पा ३: एक लोड केस, एकच क्षण

आता तक्ता काढा, पण एन्व्हलप, म्हणजे सगळ्या केसमधून प्रत्येक ठिकाणचं कमाल बल गोळा केलेला तक्ता, घेऊ नका. एन्व्हलपमध्ये तीन मीटरवरचं बल जहाज धक्क्याला टेकतानाचं असतं आणि बारा मीटरवरचं वादळी वाऱ्यातलं. प्रत्येक संख्या खरी, पण त्या सगळ्या एकाच वेळी कधीच घडलेल्या नसतात, त्यामुळे त्यांची बेरीज कशाशीच जुळत नाही. डिझाइनला एन्व्हलप लागेल, तो शेवटी करा. ताळा मात्र एका केसच्या एका क्षणावरच होतो.

नॉनलिनिअर स्प्रिंग असताना आणखी एक पथ्य आहे. ‘स्वतःचं वजन’ आणि ‘बर्थिंग’ (जहाज धक्क्याला टेकणं) असे वेगळे रन करून त्यांची स्प्रिंग बलं बेरजेने जोडायची नाहीत. माती वळणावर आली की दोनचा लोड एकाच्या लोडच्या दुप्पट बल देत नाही. एकत्रित लोड गुणकांसकट आधी तयार करा, मग तो एकाच केसमध्ये, टप्प्याटप्प्याने चालवा. आणि तक्त्यावर लिहा: कोणता स्टेप, त्या स्टेपच्या शेवटचं की मधलं. बर्थिंगच्या टाइम हिस्टरीत सगळ्यात मोठं बल शेवटच्या क्षणी नसतं. शेवटची ओळ कॉपी करायची सवय इथे घात करते.

## टप्पा ४: ताळा

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो. उदाहरणाला तीच चाचणी पाईल घेऊ. व्यास १ मीटर, एम३५ काँक्रीट, जमिनीखाली २२ मीटर, माथा मोकळा. आयएस ४५६ प्रमाणे लवचीकतेचा गुणांक ५०००√३५, म्हणजे सुमारे २९,६०० मेगापास्कल. त्यावरून ईआय, म्हणजे पाईलचा वाकण्याला होणारा विरोध, येतो सुमारे १४.५ लाख किलोन्यूटन-चौ. मीटर. माती खाडीच्या मुखाशी असते तशी पाण्याखालची सैल वाळू. ईटा-एच, म्हणजे मातीची ताठरता खोलीबरोबर ज्या दराने वाढते तो गुणांक, १.४ मेगान्यूटन/घनमीटर धरला, म्हणजे आयएस २९११ च्या तक्त्यातल्या सैल, बुडालेल्या वाळूच्या पट्ट्याचं वरचं टोक. ईआय भागिले ईटा-एच, त्याचं पाचवं मूळ, म्हणजे टी (पाईल आणि माती यांच्या तुलनात्मक ताठरतेची लांबी) आला ४ मीटर. लांबी टीच्या पाचपटीहून जास्त, त्यामुळे ही नक्की लांब पाईल.

स्प्रिंगा दर मीटरला. चार मीटरवरच्या स्प्रिंगची ताठरता १४०० × ४ × १ = ५६०० किलोन्यूटन/मीटर. जमिनीच्या पातळीवर १०० किलोन्यूटन लावल्यावर पाईलचा माथा सुमारे ११ मिमी सरकतो आणि पाईलमधला कमाल मोमेंट सुमारे ३१० किलोन्यूटन-मीटर येतो. काही स्प्रिंगा अशा दिसतात:

| खोली (मी) | ताठरता (किलोन्यूटन/मी) | सरकणं (मिमी) | मातीचं पाईलवरचं बल (किलोन्यूटन, लोडच्या विरुद्ध ते अधिक) |
|---|---|---|---|
| २ | २८०० | ७.३ | +२०.४ |
| ४ | ५६०० | ४.३ | +२४ |
| ८ | ११२०० | ०.६ | +७ |
| १२ | १६८०० | −०.३ | −५.६ |

सरकण्याचे आकडे जवळच्या दशांशापर्यंत आणलेत, म्हणून दुसरा आणि तिसरा रकाना गुणून चौथ्याशी ताडून पाहिलात तर थोडा फरक दिसेल.

पहिला ताळा, बलांचा. सगळ्या स्प्रिंगांची चिन्हांसकट बेरीज लोडइतकी यायला हवी. इथे वरच्या साडेनऊ-दहा मीटरमधल्या स्प्रिंगांची बेरीज सुमारे +१४३ येते आणि त्याखालच्यांची सुमारे −४३. निव्वळ १००. वरच्या भागाची बेरीज लोडपेक्षा जास्त दिसली म्हणून दचकू नका. खालची माती पाईलला उलट बाजूने धरते, त्याची भरपाई वरच्या मातीला करावीच लागते. चिन्हं पुसून १४३ आणि ४३ मिळवले की १८६. आमच्या गड्याचा ‘सेफ साइड’ आकडा तो हाच.

दुसरा ताळा, मोमेंटचा. प्रत्येक बलाला त्याच्या खोलीने गुणा आणि बेरीज करा. लोड नेमका जमिनीच्या पातळीवर असेल आणि माथा मोकळा असेल तर ही बेरीज शून्याजवळ यायला हवी. जेटीत लोड डेकवर असतो, म्हणून तिथे ही बेरीज ‘लोड गुणिले जमिनीपासूनची उंची’ इतकी आणि उणे यायला हवी. माथा पाईल कॅपमध्ये जखडलेला असेल तर कॅपमधला मोमेंटही हिशेबात घ्या. पहिला ताळा जुळतो आणि दुसरा जुळत नाही, असं झालं तर खोलीच्या रकान्यात गोंधळ आहे. बहुतेक वेळा डेटमचाच.

तिसरा ताळा, शिअरचा, म्हणजे पाईलच्या छेदातल्या आडव्या बलाचा. कोणत्याही नोडच्या लगेच वरचा शिअर वजा लगेच खालचा शिअर म्हणजे त्या नोडच्या स्प्रिंगचं बल. चार मीटरवर शिअरमध्ये २४ ची पायरी दिसायला हवी. तीन-चार नोड निवडून बघा, सगळे बघण्याची गरज नाही.

किती फरक चालतो? लिनिअर मॉडेलमध्ये जवळपास काहीच नाही, कारण बेरीज गणिताने जुळायलाच हवी. नॉनलिनिअरमध्ये कन्व्हर्जन्सच्या (सॉफ्टवेअर उत्तर पुरेसं जुळलं म्हणून जिथे थांबतं त्या) मर्यादेइतका फरक राहतो. शंभरात एकापेक्षा जास्त दिसला तर मी पुढे जात नाही. फरक मोठा असेल तर आधी पाईलच्या टोकाचा आधार पाहा. टोकाला आडवं पिन करून ठेवलेलं असतं आणि त्या पिनची प्रतिक्रिया मोजायची राहून गेलेली असते.

## टप्पा ५: बलावरून पी

ताळा जुळला की मगच भागाकार. स्प्रिंगचं बल भागिले वाट्याची लांबी म्हणजे पी.

चार मीटरवर बल २४, वाट्याची लांबी १ मीटर, म्हणून पी २४ किलोन्यूटन/मीटर. आता मेश अर्ध्या मीटरची करा. त्याच ठिकाणची स्प्रिंग २८०० ची होईल, तिचं बल येईल १२, आणि पी पुन्हा २४. मेश बदलल्यावर बल बदलणं स्वाभाविक आहे. पी बदलला तर मात्र चूक शोधायला बसा.

हे मला शिकवलं ते माझ्याच एका आलेखाने. कातळाजवळ मेश बारीक केली होती, अर्ध्या मीटरची, आणि शीटमध्ये वाट्याची लांबी सगळीकडे एकच राहिली. आलेखात नेमक्या त्या पट्ट्यात पी निम्म्यावर आला. आणि मी रिपोर्टात चक्क लिहिलं, ‘या खोलीवर मऊ थर असण्याची शक्यता’. बोअर लॉगमध्ये तिथे ठणठणीत मुरूम होता. तपासणाऱ्याने शेजारी फक्त एक प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं. त्या प्रश्नचिन्हाची लाज अजून वाटते.

तपासा: वाळूत स्प्रिंगचं सगळ्यात मोठं बल सगळ्यात वर येत नाही. माथ्याला सरकणं सर्वाधिक, पण तिथे ताठरता जवळपास शून्य. या पाईलमध्ये सगळ्यात मोठा पी साधारण साडेतीन मीटरवर आहे. वाळूच्या मॉडेलमध्ये पहिल्याच स्प्रिंगवर शिखर दिसलं तर ताठरता खोलीनुसार वाढवायची राहून गेली असावी.

## टप्पा ६: बिंदू वक्रावर बसतात का

नॉनलिनिअर स्प्रिंगसाठी ही खरी परीक्षा. पी एका अक्षावर, सापेक्ष सरकणं दुसऱ्या अक्षावर, आणि त्याच आलेखावर त्या खोलीचा तुम्ही दिलेला वक्र. प्रत्येक बिंदू वक्रावर पडायलाच हवा.

खाडीतल्या मऊ चिखलाचं उदाहरण घेऊ. अपरूपण सामर्थ्य १५ किलोपास्कल, व्यास १ मीटर, आणि मऊ मातीसाठी मॅटलॉकचा वक्र. खोलवर कमाल पी म्हणजे ९ × १५ × १ = १३५ किलोन्यूटन/मीटर. निम्म्या क्षमतेचं सरकणं २.५ × ०.०२ × १ मीटर, म्हणजे ५० मिमी. पाईल तिथे ६.२५ मिमी सरकली असेल तर गुणोत्तर एक-अष्टमांश, त्याचं घनमूळ अर्धं, आणि पी येतो ०.५ × १३५ × ०.५, सुमारे ३४ किलोन्यूटन/मीटर. हे मनातल्या मनात होतं. आउटपुटमध्ये १७ आला तर वाट्याची लांबी चुकली, ६८ आला तरी तीच, आणि भलताच काही आला तर चुकीच्या थराचा वक्र लागलाय.

दोन ठिकाणी बिंदू वक्रावर न पडणं साहजिक आहे. पहिलं ठिकाण शून्याजवळ. घनमुळाच्या वक्राची सुरुवातीची ताठरता अनंत असते, सॉफ्टवेअरला आपण ठिपक्यांनी जोडलेली मोडती रेघ देतो, म्हणून अगदी लहान सरकण्याला फरक दिसतो. दुसरं ठिकाण तुम्ही दिलेल्या शेवटच्या बिंदूच्या पलीकडे. अबॅकसमध्ये तिथून पुढे बल स्थिर धरलं जातं. हे तुम्हाला हवंय का, ते आधी ठरवा.

थांबा: ‘सापेक्ष’ हा शब्द गिळू नका. खाडीपुलाच्या ॲबटमेंटमागे (पुलाच्या टोकाच्या आधारामागे) मऊ चिखलावर भराव टाकला की चिखलच पाईलकडे सरकतो. तिथे मातीचं टोक स्थिर नसतं. पाईलचं स्वतःचं सरकणं घेऊन वक्र तपासला तर एकही बिंदू बसणार नाही. पाईल वजा माती, हा फरक घ्यायचा. अशा मॉडेलमध्ये वरच्या स्प्रिंगा पाईलला आधार न देता ढकलतात आणि त्यांची चिन्हं उलटी येतात. ती चूक समजून सरळ करू नका.

## टप्पा ७: तिरक्या पाईल, दोन दिशा, गोल रिंगा

जेटीत तिरक्या पाईल असतात. त्यांच्या स्प्रिंगा पाईलच्या अक्षाला काटकोनात असायला हव्यात, म्हणून स्थानिक अक्ष दिलेले असतात. आउटपुट त्याच अक्षांत येतं. ताळा करायचा तर आधी ते जागतिक अक्षांत फिरवा. अक्षाच्या दिशेची घर्षण स्प्रिंगही आडव्या लोडमध्ये वाटा उचलते, ती मोजायला विसरू नका.

प्रत्येक नोडला एक्स आणि वाय अशा दोन स्वतंत्र नॉनलिनिअर स्प्रिंगा असतील आणि लोड ४५ अंशांत आला, तर दोन्ही आपापल्या कमाल क्षमतेपर्यंत जाऊ शकतात. मग एकत्रित प्रतिकार कमाल क्षमतेच्या १.४१ पट होतो. माती तेवढं देत नाही. म्हणून दोन घटकांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढून ते कमाल पीशी ताडून पाहा.

पाईल घन एलिमेंटांची असेल आणि परिघावर गोल स्प्रिंगा जोडल्या असतील, तर एका खोलीवरच्या सगळ्या स्प्रिंगांचे जागतिक घटक जोडा. परिमाणं नकोत, घटक.

गटातल्या पाईलसाठी पी-गुणक (शेजारच्या पाईलमुळे मातीचा प्रतिकार कमी धरणारा गुणक) वापरला असेल तर तो वक्र देतानाच लागला पाहिजे. तीन व्यास अंतरावर पहिल्या ओळीला ०.८, दुसरीला ०.४ आणि पुढच्यांना ०.३ असे आकडे सर्रास वापरले जातात. हे गुणक काढलेल्या बलावर मागाहून मारले तर पाईलचं सरकणं जुनंच राहतं आणि पहिलाच ताळा मोडतो.

## कातळात शिरताना

आपल्याकडे खाडीचा चिखल, मग झिजलेला मुरमाड बेसॉल्ट आणि मग खणखणीत कातळ, असा प्रवास पाच-सहा मीटरमध्ये उरकतो. स्प्रिंगची ताठरता एका नोडवरून दुसऱ्यावर जाताना शेकडोपट होते. परिणाम असा दिसतो: कातळातल्या पहिल्या स्प्रिंगवर प्रचंड बल एका दिशेला, त्याखालच्या दोन-तीनवर जवळपास तेवढंच उलट दिशेला, आणि मधल्या तुकड्यात लोडच्या कितीतरी पट शिअर.

हे पाहून दोन प्रकारची माणसं दोन प्रकारे चुकतात. एक जण तो शिअर जसाच्या तसा उचलून रिंगांची स्टील दुप्पट करतो. दुसरा ‘न्यूमेरिकल आहे’ म्हणून तो भाग आलेखातून खोडतो. आधी कातळातली मेश निम्मी करा, मग पुन्हा निम्मी. शिअरचा आकडा दोनदा निम्मं केल्यावरही स्थिरावत नसेल तर तो मॉडेलचा आहे, पाईलचा नाही. कातळाच्या स्प्रिंगला कमाल क्षमता दिली आहे का ते पाहा. नुसती लिनिअर ताठ स्प्रिंग असेल तर ती कातळाला कधीच फुटू देत नाही आणि बल वाढतच जातं. वरचा झिजलेला थर वेगळा धरून ताठरता पायरीपायरीने वाढवली तरी बराच फरक पडतो.

## आउटपुट मागायचं राहून गेलं तर

मोठं मॉडेल, रात्रभराचा रन, आणि सकाळी कळतं की स्प्रिंगचा संच मागितलाच नव्हता. पुन्हा चालवण्याआधी दोन वाटा आहेत. लिनिअर स्प्रिंग असेल तर ताठरता गुणिले नोडचं सरकणं. नॉनलिनिअर असेल तर बीमच्या शिअरमधली पायरी, टप्पा ४ मधल्या तिसऱ्या ताळ्यासारखी. त्यासाठी एलिमेंटच्या दोन्ही टोकांचा शिअर हवा, मधला नको.

मोमेंटचा आलेख घेऊन त्याचं दोनदा डिफरन्सिएशन करून पी काढायची वाट मात्र टाळा. आउटपुटमध्ये दशांशाचे दोन अंक कमी छापले गेले तरी दुसऱ्या डेरिव्हेटिव्हला करवतीचे दात फुटतात आणि मग ते गुळगुळीत करायच्या नादात खरे आकडे हरवतात.

## तक्ता देताना

रकाने सातच पुरेत: नोड क्रमांक, पातळी (कोणत्या डेटमने ते डोक्यावर), वाट्याची लांबी, सापेक्ष सरकणं, बल, पी, आणि त्या खोलीचा कमाल पी. शेवटच्या दोन रकान्यांचं गुणोत्तर वाचणाऱ्याला सगळ्यात आधी हवं असतं, कारण किती माती दमली आहे ते त्यातूनच कळतं.

तळाशी तीन ओळी. पहिल्या ओळीत चिन्हाचा अर्थ पूर्ण वाक्यात: ‘अधिक म्हणजे मातीने पाईलवर, लोडच्या विरुद्ध दिशेने लावलेलं बल.’ दुसरीत लोड केस आणि स्टेप. तिसरीत ताळा. आमच्या गड्याने सुधारून पाठवलेल्या तक्त्याची तिसरी ओळ अशी होती: ‘वरच्या +१४३, खालच्या −४३, बेरीज १००, लोड १००, जमिनीभोवती मोमेंट शून्य.’ सोबत एका स्प्रिंगच्या चाचणीची फाइलही जोडली होती. ती मी मागितली नव्हती, पण तुम्हीही जोडत जा. सहा महिन्यांनी दुसरा कोणी तोच प्रोजेक्ट उघडतो तेव्हा चिन्हाचा वाद मिटवायला तीच फाइल लागते.